क्षमा म्हणजे हक्कसोड का? वाटणीची भांडणं आणि ख्रिस्ती समेट

वाडीतला_वाचक (धागाकर्ता)
प्रायश्चित्तकाळातल्या वाडीच्या प्रार्थनासभेसाठी ‘घरातली क्षमा’ या विषयावर दोन पानांचं टिपण करतोय. ‘सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर’ हे येशूचं वचन सगळ्यांना पाठ आहे, तेवढं सोडून लिहा ही विनंती.

अडलंय ते असं. वडील गेले, मृत्युपत्र नाही, भावाभावांत बोलणं बंद. धाकट्याने वाटपाचा दिवाणी दावा लावलाय. धाकटा म्हणतो, मी दादाला मनापासून क्षमा केली आहे. दादा म्हणतो, क्षमा केलीस ना, मग दावा काढून घे. वसईपासून नगरपर्यंत ही जोडी कुठल्याही धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सापडेल. यात बरोबर कोण? आणि दोघांना समोरासमोर आणायचं तर पायऱ्या काय? ‘प्रार्थना करा’ हे उत्तर बरोबरच आहे, पण त्याने दोन पानं भरत नाहीत.

पापडीकर
दोघेही दोन वेगळ्या कामांना एकच नाव देतायत. क्षमा एकट्याने होते. समोरचा परदेशात असो, मेलेला असो, मान्य करो न करो. समेटाला मात्र दोघं लागतात. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात, १२:१८ मध्ये, एकाच वाक्यात दोन अटी घातल्यात: ‘साधेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तेवढं’. म्हणजे कधीकधी साधणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

आणि तिसरं काम म्हणजे हिशेब. तो ना क्षमेत येतो ना समेटात. तो तलाठ्याकडे येतो.

गव्हाची_लोंबी
शेवटच्या वाक्याला टाळ्या. टिपणाचं शीर्षक मिळालं की.

नगरी_चहा
पापडीकर, हिशेब क्षमेत येत नाही म्हणता, पण आमच्या मंडळीत प्रभूची प्रार्थना म्हणताना तोच शब्द तोंडात असतो. तुम्ही कॅथलिक ‘अपराध’ म्हणता. बायबल सोसायटीच्या मत्तय ६:१२ मध्ये ‘ऋण्यांस ऋण सोडले आहे’ असं आहे. मूळ ग्रीक शब्दही कर्जाचाच. आणि ‘सोडणे’ याला जे क्रियापद आहे, अफिएमि, तेच मत्तय ४:२० मध्ये पेत्र आणि अंद्रिया जाळी सोडतात तिथे आलंय. हातातली वस्तू खाली ठेवणं, इतका साधा अर्थ.

आता मत्तयाच्या १८ व्या अध्यायातल्या निर्दय चाकराचा हिशेब घ्या (राजाने त्याचं कर्ज सोडलं, त्याने सोबतच्या चाकराचं सोडलं नाही), टिपणात फळ्यावर मांडता येईल. एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. राजाचं येणं १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. सोबतच्या चाकराचं देणं १०० दिनार. आजची मजुरी ५०० रुपये धरली तर एकीकडे ३,००० कोटी आणि दुसरीकडे ५०,००० रुपये.

प्रवचनात नेहमी ‘क्षुल्लक शंभर दिनार’ म्हणतात. ते चूक आहे. तीन-चार महिन्यांची कमाई क्षुल्लक नसते. भावाने केलेलं नुकसान खरंच मोठं असू शकतं, हे दाखल्यातच मान्य केलंय. ते खोटं ठरवून क्षमा करायला लावू नका, लोक तिथेच बिथरतात.

पाचूबंदर
जाळी सोडण्याचं आवडलं. पण लगेच पुढच्या वचनांत झब्दीची मुलं बापाला होडीत सोडून गेली. झब्दीचं काय झालं ते कोणी विचारत नाही :)

सातबारा
कायद्याचं आधी मोकळं करतो, कारण अर्धी भांडणं चुकीच्या समजुतीवर चालतात.

ख्रिस्ती कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो. त्यात हिंदू एकत्र कुटुंबातल्यासारखा जन्माने मिळणारा हक्क नाही. वडिलांना आजोबांकडून मिळालेली जमीनसुद्धा वडिलांची स्वतःचीच, ती मृत्युपत्राने ते कोणालाही देऊ शकतात. ‘वडिलोपार्जित आहे, त्यांना विकताच येत नव्हती’ हे वाक्य ख्रिस्ती घरात कायद्याने पोकळ आहे, पण ऐकायला येतं रोज.

मृत्युपत्र नसेल आणि मागे विधवा व मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांत समान. मुलगा-मुलगी भेद नाही. उदाहरणार्थ २७ गुंठे, आई आणि तीन मुलं: आईला ९ गुंठे, प्रत्येक मुलाला ६. लग्न झालेल्या मुलीलाही ६.

वारस नोंद झाली की सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लागतात. ती वाटणी नव्हे. कोणता तुकडा कोणाचा हे ठरायला नोंदणीकृत वाटणीपत्र, तहसीलदाराकडचं संमतीचं वाटप किंवा न्यायालयाचा हुकूम लागतो. दादा तयार नसेल तर धाकट्याकडे दाव्याशिवाय रस्ताच नसतो. दावा म्हणजे वैर असं धरून चालू नका, काही घरांत ती फक्त पायवाट असते.

लूकचा_वाचक
सातबाराशी सहमत, पण १ करिंथ ६ (पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र) टाळून चालणार नाही. भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही विश्वास न ठेवणाऱ्यांपुढे, यावर पौल संतापलाय. सातव्या वचनात तर सरळ विचारतो की त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही? दादाला हे वचन पाठ असणार.

पापडीकर
पाठ असणार, पण आठवं वचन पाठ नसणार. लगेच पुढे पौल म्हणतो, तुम्हीच अन्याय करता, तुम्हीच नाडता, आणि तेही भावांना. सातवं वचन नाडलेल्याने स्वतःला वाचून दाखवायचं असतं. नाडणाऱ्याने ते दुसऱ्याला वाचून दाखवलं की त्याची धमकी होते.

एक_धाकटी
सातबारा यांनी ‘लग्न झालेल्या मुलीलाही ६’ लिहिलं आणि पुढे गेले. तिथे थांबा जरा.

भाऊ-भाऊ भांडतात तेव्हा निदान भांडण दिसतं. बहिणीला वडिलांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या स्मरणविधीनंतर) जेवण वाढून हक्कसोडीचा कागद पुढे केला जातो. ‘माहेर तुटायला नको’, ‘प्रभूने सगळं सोडलं’, ‘मन मोठं कर’. तिने सही केली तर तिने क्षमा केली, नाही केली तर ती लोभी. या सगळ्यात तिच्याविरुद्ध अपराध कोणी केलाय हे कोणी सांगत नाही. मग ती क्षमा नेमकी कशाची करतेय?

गणना २७ मध्ये सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून वाटा मागतात आणि देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. वाटा मागणं हे पाप असतं तर तिथेच सांगितलं असतं.

टिपणात एक ओळ ठळक टाका: हक्कसोड पत्र उपवासाच्या दिवसांत, अंत्यविधीनंतरच्या महिन्यात किंवा रिट्रीटहून (प्रार्थना-शिबिराहून) आल्या आल्या सही करायचं नाही. मन भरून आलेलं असतं, आणि निबंधकाकडे नोंदलेला कागद मन ओसरल्यावर परत होत नाही.

सातबारा
एक_धाकटी यांचं शंभर टक्के बरोबर. थांबलो नाही ही चूक. जोडतो: हक्कसोड दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते, साध्या स्टॅम्प पेपरवर ‘राजीखुशीने’ लिहून भागत नाही. ती सहहिस्सेदाराच्या नावेच होते. सही करण्याआधी तिचा स्वतःचा वकील असावा, भावाचा नव्हे. नंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. ती नोटीस माहेरच्या पत्त्यावर गेली की भावाच्याच हातात पडते, हेही बघा.

आणि मोबदला घेऊन हक्क सोडणं यात कमीपणा नाही. फुकट सोडणं हा तिचा दानधर्म असू शकतो, पण दान मागून घ्यायचं नसतं.

टोरांटोकर
परदेशातल्या वारसांसाठी: सही करायला येता येत नसेल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या. ती मुदत चुकली की घोळ होतो, आणि तो ‘तिकडे बसून अडवतोय’ असा वाचला जातो. टपालाच्या चुकीवरून तुटलेली घरं कमी नसतील.

मडगावचा_पाव
गोव्यात गोष्ट वेगळी. तिथे धर्म कोणताही असो, नागरी कायदा एक. नवरा-बायकोची मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी, आणि आपल्या निम्म्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने मनासारखा देता येतो, उरलेला वारसांचा राखीव. जमलं नाही तर इन्व्हेंटरी प्रक्रिया. सगळ्या वस्तूंची यादी होते आणि वारस आपसांत बोली लावतात. जास्त बोलणाऱ्याला वस्तू, बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे.

यातून समेटासाठी शिकण्यासारखं एकच: यादी. आधी सगळी यादी कागदावर, मग भावना. आईचं कपाट, देवघरातली पवित्र मरियेची मूर्ती, पितळी हंडे, लग्नाचा फोटो. भांडण जमिनीवर सुरू होतं आणि हंड्यावर तुटतं.

गव्हाची_लोंबी
हंड्याचं अगदी. जमीन मोजता येते, हंडा मोजता येत नाही.

लूकचा_वाचक
मूळ प्रश्नाला थेट लागू पडणारं एक वचन अजून कोणी काढलंच नाही म्हणून लिहितो. लूक १२:१३. गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, मला वतनाचा वाटा दे म्हणून. येशूचं उत्तर: मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच लोभाबद्दल बोलतो.

बघा, तो वाटणी चूक म्हणत नाही. ‘तुझा हक्क सोड’ असंही म्हणत नाही. तो फक्त मधे वापरला जायला नकार देतो. फादरांनी आणि पाळकांनी हा उतारा चौकटीत लावून ठेवावा. व्यासपीठावरून एका भावाची बाजू घेतली की दुसरा त्या दिवसापासून दुसऱ्या चर्चला.

मिसळ_आणि_मिस्सा
किंवा कुठल्यातरी नव्या हॉलमध्ये, जिथे ड्रम असतो.

नगरी_चहा
ड्रमचा धागा वेगळा काढा, तिकडे आधीच ३०० प्रतिसाद झालेत.

पायऱ्यांचं. मत्तय १८:१५ ते १७ मध्ये क्रम दिलाय आणि क्रमच महत्त्वाचा. पहिल्यांदा एकट्याने, एकांतात. मग एक-दोघांना घेऊन. मग मंडळीला. आपल्याकडे बरोबर उलटा चालतो: आधी सगळ्या आळीला, मग दोन मेहुण्यांना, आणि भावाला शेवटी व्हॉट्सअॅपच्या फॅमिली ग्रुपवर, वचनाच्या चित्रासकट. तीन पायऱ्यांनंतरही न ऐकणाऱ्याला ‘विदेशी आणि जकातदार’ समजायचं आहे. पण परंपरेने हे शुभवर्तमान ज्याच्या नावावर आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता आणि येशू त्याच्या घरी जेवला. तेव्हा शेवटच्या पायरीवरही ताट मांडलेलंच आहे.

पापडीकर
भेट घडवणाऱ्याने पाळायच्या गोष्टी, जमतील तशा लिहितो.

मध्यस्थ दोन्ही घरांशी बोलणारा हवा आणि जमिनीत, लग्नात, कर्जात त्याचा काही संबंध नको. मेहुणा नको, व्याही नको, ज्याने एकाकडून पैसे उसने घेतलेत तो तर नकोच. धर्मपिता किंवा धर्ममाता हयात असेल तर ती उत्तम, बाप्तिस्म्याला उभं राहिलेल्या माणसाचा शब्द सहसा मोडवत नाही.

आधी दोघांशी वेगवेगळं, दोनदा तरी. त्यात एकच प्रश्न: ‘कोणत्या दिवसापासून बिनसलं?’ बहुतेक वेळा दोघांच्या तारखा जुळत नाहीत. एकाचं भांडण हिश्शावरून असतं. दुसऱ्याचं त्याच्या कितीतरी आधी, हॉस्पिटलच्या बिलावरून किंवा पत्रिकेत नाव न छापल्यावरून. हे आधी कळलं नाही तर भेटीत दोघं दोन वेगळ्या भांडणांची उत्तरं देत बसतात.

जागा तिसरी. कोणाचं घर नको, कारण यजमान झालेला वरचढ होतो. पहिली भेट पाऊण तास, घड्याळ लावून. पहिल्या भेटीत वाटणीचा नकाशा, मोजणीचा कागद काही नाही. बायकांना आणायचं की नाही यावर मतं आहेत. माझं मत, पहिल्या भेटीला नको.

एक_धाकटी
‘बायकांना नको’ यावर हरकत. सगळं वहिनीमुळे झालं हे भावाभावांचं सोयीचं ठरलेलं असतं. त्या बाहेर राहिल्या की ते सहज ठरतं. दुसऱ्या भेटीला तरी त्यांना खुर्ची द्या आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या तोंडून ऐका.

पापडीकर
दुसऱ्या भेटीला मान्य. टिपणात तसं लिहा.

वाडीतला_वाचक (धागाकर्ता)
लिहितोय. फादरांना मध्यस्थ करावं का? आणि कन्फेशनचं (फादरांपुढच्या पापकबुलीचं) काय? कन्फेशन केलं म्हणजे झालं असं मानणारे बरेच आहेत.

मिसळ_आणि_मिस्सा
कन्फेशनमध्ये आपलं पाप सांगायचं असतं. वहिनीचं नाही. रांग त्यामुळेच लांबते.

पापडीकर
मिसळ, हसलो, पण खरंय.

फादरांबाबत एक बारकावा लोक विसरतात. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर वापरू शकत नाहीत. कॅथलिक चर्चच्या कायद्याचं ९८३ वं कलम ते उघड करायला बंदी घालतं. पुढचं ९८४ वं कलम सांगतं की ती माहिती पश्चात्ताप करणाऱ्याला त्रास होईल अशा कशातही वापरायची नाही, फुटायचा धोका नसला तरी. म्हणजे ‘फादरांना सगळं सांगितलंय, ते दादाशी बोलतील’ हे होऊच शकत नाही. त्यांनी मधे पडावं असं वाटत असेल तर कन्फेशनबाहेर, ऑफिसात वेळ घेऊन तेच सगळं पुन्हा सांगा. नाहीतर त्यांचे हात बांधलेले राहतात आणि तुम्ही म्हणता फादर लक्ष देत नाहीत.

दुसरं, पापमुक्ती मिळाली म्हणजे भरपाई संपली असं नाही. चोरलेलं परत करणं, बदनामी केली असेल तर नाव परत मिळवून देणं हे बाकी राहतंच, कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १४५९) ते सरळ लिहिलंय. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं. गणना ५:७ मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. १०,००० दाबले असतील तर १२,००० द्या, आणि ते भावाला द्या, चर्चच्या पेटीत नाही. पेटीत टाकणं सोपं असतं, म्हणून सांगतो.

नगरी_चहा
आमच्याकडे कन्फेशनची पेटी नाही, प्रभुभोजन आहे. १ करिंथ ११:२८, आपली परीक्षा करून मग भाकरी खावी. त्यामुळे भांडण चालू असलेला माणूस प्रभुभोजनाच्या रविवारी घरी राहतो किंवा मागच्या बाकावरून आधीच उठून जातो. पाळकाने तिकडे लक्ष ठेवलं तर कोणाच्या घरात बिनसलंय ते भाषणाशिवाय कळतं.

मत्तय ५:२३ नीट वाचा. वेदीपाशी आठवलं की ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’, तर अर्पण ठेवून जा. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काही आहे असं तिथे म्हटलेलं नाही. ज्याच्यावर राग धरला गेलाय त्याने उठून जायचं आहे. बाकावर बसून ‘त्याने यावं’ म्हणणाऱ्याला तिथे जागा नाही.

पाचूबंदर
अवांतर: याकोब आणि एसाव या दुरावलेल्या भावांच्या भेटीत याकोबाकडून किती जनावरं गेली कोणी मोजलीत का? उत्पत्ति ३२ मध्ये यादीच आहे. २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० सांडण्या पिलांसह, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. सांडण्यांची पिलं सोडून ५५०. तीही एकदम नाही, कळपाकळपात अंतर ठेवून, म्हणजे राग टप्प्याटप्प्याने उतरेल. आजच्या भावात एखाद्या हद्दीच्या भिंतीचा प्रश्न त्यात सहज सुटला असता.

लूकचा_वाचक
अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. पुढचं वाचा. एसाव धावत येऊन मिठी मारतो, दोघं रडतात. मग म्हणतो चल, सोबत जाऊ. याकोब म्हणतो, लेकरं कोवळी आहेत, जनावरं दुभती आहेत, तू हो पुढे, मी मागून सेईरला, तुझ्या मुलखात, येतो. आणि जातो सुक्कोथला! सेईरला जातच नाही. पुढे दोघं एकत्र दिसतात ते बापाला पुरताना, ३५:२९.

म्हणजे समेट झाला, बापाला दोघांनी मिळून माती दिली, पण एका अंगणात राहिले नाहीत. आपल्याकडे समेट म्हणजे पुन्हा एकच चूल अशी अपेक्षा असते आणि तिथेच तो सहा महिन्यांत मोडतो. चूल वेगळी, मीटर वेगळा, येणंजाणं आहे, बरं-वाईटाला दोघं उभे आहेत. एवढा समेट पुरेसा धरावा.

सातबारा
मीटर वेगळा, हे वाक्य सोन्याच्या अक्षरात. वाटणीपत्रात पुढच्या गोष्टी लिहिल्या नाहीत तर पहिल्याच उन्हाळ्यात समेट तुटतो: विहिरीतला हिस्सा आणि मोटरची पाळी (वार आणि तास लिहून), विजेचं बिल कोण कसं भरणार, विहिरीकडे जायची वाट किती फुटी, बांधावरचं झाड कोणाचं आणि पलीकडे पडलेलं फळ कोणाचं, सांडपाणी कुठे जाणार. ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द वाटणीपत्रात वापरू नका. दोघांचं नेहमी वेगळं असतं.

चालू दाव्यात तडजोड झाली तर ती लोक अदालतीत नोंदवता येते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. म्हणजे दावा ‘काढून घेणं’ आणि ‘चालवणं’ याच्या मधेही जागा आहे. काढून घेताना पुन्हा दाखल करायची परवानगी मागितली नाही तर त्याच कारणावर परत जाता येत नाही, म्हणून भावनेच्या भरात काढू नये.

एक_धाकटी
एक गोष्ट सुटतेय. सगळा धागा वाटणीवर चाललाय, पण ‘घरातली क्षमा’ म्हटलं की सभेत मार खाणारी एखादी बाई बसलेली असेल, आणि तिला वाटेल आपल्यालाच परत जायला सांगतायत. मार चालू असताना समेटाची बैठक घ्यायची नाही. बैठकीत तिला त्याच्यासमोर खरं बोलता येत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर वसूल होतं. आधी ती आणि मुलं सुरक्षित, मग बाकी सगळं. चर्चच्या कायद्यातही कलम ११५३ प्रमाणे जोडीदाराकडून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला मुभा आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. हे दोन आकडे टिपणाच्या तळाशी छापा. फलकावर पण.

वाडीतला_वाचक (धागाकर्ता)
छापतो. हे माझ्या डोक्यात नव्हतं.

गव्हाची_लोंबी
योसेफाचा उल्लेख नाही अजून? भावांना क्षमा म्हटलं की तोच.

नगरी_चहा
योसेफाचं बहुतेक वेळा अर्धंच सांगतात. १७ व्या वर्षी भावांकडूनच विकला गेला, २० रुप्याच्या नाण्यांना. ३० व्या वर्षी फारोपुढे उभा राहिला, मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २. म्हणजे ओळख दिली तेव्हा ३९. मधे २२ वर्षं गेली. आणि भाऊ आले त्या दिवशी ओळख दिली नाही. आधी पाहिलं की धाकट्या बन्यामिनावर वेळ आली तर हे पुन्हा तसंच करतात का. यहूदा ‘त्याच्याऐवजी मला ठेवा’ म्हणाला तेव्हा बांध फुटला. क्षमा कदाचित केव्हाच झाली असेल, विश्वास मात्र तपासून ठेवला.

आणि शेवट अध्याय ५० मध्ये आहे, ४५ मध्ये नाही. बाप याकोब मिसरात १७ वर्षं राहून वारला. १७ वर्षं योसेफाचंच अन्न खाऊनसुद्धा भाऊ घाबरले, बाप गेला, आता हा सूड घेईल. योसेफ रडला आणि पुन्हा एकदा सांगावं लागलं. आई-बाप गेल्यावर जुना समेट एकदा नव्याने बोलून घ्यावा लागतो, हा व्यवहार त्यात आहे.

टोरांटोकर
नगरी_चहा, तुमच्याच गावचं उदाहरण राहिलं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक. बाप्तिस्मा १८९५ चा, पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली ताटातूट सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. म्हणजे मत एक व्हायची वाट न बघता घर एक झालं. धर्म बदलल्यामुळे तुटलेल्या घरांना हे सांगायला हवं.

नगरी_चहा
बरोबर. फक्त ते गोड करून सांगू नका, मधल्या वर्षांत त्या बाईंचे हाल झाले.

वाडीतला_वाचक (धागाकर्ता)
टिपण जवळपास झालं. शेवटी नमुन्याची चिठ्ठी द्यावी असं वाटतं, धाकट्याकडून दादाला. मसुदा:

“प्रिय दादा, गेल्या काही वर्षांत जे काही झालं त्यात माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा कर. पण तूही विचार कर. आई असती तर तिला काय वाटलं असतं? तू केव्हाही ये, माझं दार उघडं आहे.”

एक_धाकटी
‘जे काही’, ‘काही चुकलं असेल तर’. दोन ओळींत तीनदा काहीच नाही.

पापडीकर
‘पण’ काढा. ‘पण’च्या आधीचं सगळं वाया जातं. आईला मधे आणू नका, तिच्यावर दोघांचा सारखा हक्क आहे. आणि ‘दार उघडं आहे’ म्हणजे चालायचं दादाने. मत्तय ५ प्रमाणे चालायचं आपण.

सातबारा
चिठ्ठी उद्या कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकते हे लक्षात ठेवून लिहा. हद्द, हिस्सा, जुना व्यवहार यावर एक शब्द नको. अपमानाबद्दल मात्र मोकळेपणाने लिहा, त्याने कोणाचा गुंठा कमी होत नाही. वकिलाला एकदा दाखवा.

वाडीतला_वाचक (धागाकर्ता)
दुसरा मसुदा:

“दादा, बाबांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर अंगणात चौघांसमोर मी तुला चोर म्हणालो. ते चूक होतं. त्या चौघांना मी ते स्वतः जाऊन सांगेन. मार्चपासून मोटरचं बिल तू एकट्याने भरलंस, माझ्या वाट्याचे ४,२०० रुपये सोबत आहेत. दाव्याचं वकील बघतील, त्याबद्दल या चिठ्ठीत काही नाही. रविवारी सहाच्या मिस्सेनंतर मी विहिरीपाशी असेन. तू यायलाच हवंस असं नाही.”

एक_धाकटी
आता माणसाने लिहिल्यासारखी वाटते. ‘त्या चौघांना सांगेन’ याच्याऐवजी ‘सांगितलं’ लिहिता आलं तर बघा. आधी सांगा, मग चिठ्ठी.

नगरी_चहा
पौलाने फिलेमोनला त्याचा दास अनेसिम याच्यासाठी लिहिताना हेच केलं. अख्खं पत्र २५ वचनांचं, आणि त्यात ‘त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी पौल स्वहस्ते लिहितो’. आकडा आणि सही असली की चिठ्ठी खरी वाटते.

मिसळ_आणि_मिस्सा
पैशांची पावती मागू नका म्हणजे झालं.

पाचूबंदर
रविवार कशाला? मोटरची पाळी दादाची कोणत्या वारी आहे ते बघा आणि तोच वार लिहा. पाळी असली की तो विहिरीवर असणारच. मुद्दाम भेटायला आलाय असं त्याला कोणाला दाखवावं लागणार नाही.

वाडीतला_वाचक (धागाकर्ता)
रविवार खोडला. गुरुवार, सकाळी साडेसहा.